वांगं अडलं, पेंड आली

नेरूळहून थेट उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून धावू लागली आणि न्हावा शेवा हे आमच्याकडच्या बायकांसाठी एक स्टेशन झालं. त्याआधी ते नुसतं बंदर होतं. रात्रंदिवस कंटेनरच्या गाड्या जायच्या. त्यांत काय भरलंय ते आपल्याला कशाला हवं, असं म्हणत आपण आपला गॅस पेटवायचो. पण या बंदराचा आपल्या गॅसशी, कढईशी किती जवळचा संबंध आहे, ते २०२१ साली एका सरकारी आदेशाने दाखवून दिलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन सोयाबीन पेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. ती उतरवायला जी ठिकाणं ठरवून दिली, त्यांत आमचं न्हावा शेवा होतं. ही पेंड साध्या सोयाबीनची नव्हती, ‘जीएम’ म्हणजे जनुकात बदल केलेल्या सोयाबीनची होती. असं सोयाबीन आपल्या देशात पेरायला परवानगी नाही. मग पेंड कशी चालली? तर सरकारचं म्हणणं असं की पेंड म्हणजे दळून, तेल काढून उरलेला चोथा. तो काही जमिनीत उगवत नाही, तेव्हा पर्यावरणाला धोका नाही. त्या वर्षी सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला होता, कोंबडीचं खाद्य महागलं होतं आणि पोल्ट्रीवाले हैराण झाले होते. पेंडीची वाट मोकळी झाली आणि मराठवाडा-विदर्भातला शेतकरी नवं पीक घेऊन बाजारात पोहोचेपर्यंत भाव बराच खाली आला होता. कोंबड्यांनी पेंड खाल्ली, अंडी आपण खाल्ली. आपल्याला कुणी विचारलं का? नाही. निदान सांगितलं का? तेही नाही.

आता याच्या शेजारी वांग्याची गोष्ट ठेवून बघा. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपूरला झाली. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. ती आजही उठलेली नाही. चंपाषष्ठीपर्यंत चार महिने वांगं न खाणारे आणि नंतर भरीत-रोडग्यावर तुटून पडणारे आपण लोक! जळगावच्या भरताच्या वांग्याला तर २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. वांग्याला कुणी हात लावलेला आपल्याला खपला नाही, यात नवल ते काय?

म्हणजे वांगं आपण दारातच अडवलं आणि पेंड मागच्या दाराने आत आली. मैत्रिणींनो, या वादाकडे बघायचं तर मला वाटतं इथूनच बघावं. कारण टीव्हीवर चर्चा लागली की एकीकडून शास्त्रज्ञ सांगतात, लोकसंख्या वाढतेय, जगाला खाऊ घालायचं तर जीएमला पर्याय नाही. दुसरीकडून कार्यकर्ते सांगतात, हे विष आहे. आपण चॅनल बदलतो.

आधी हे जीएम म्हणजे नक्की काय, ते आपल्या भाषेत सांगते. संकरित म्हणजे हायब्रीड बियाणं आपल्याला माहीत आहे. एकाच जातीच्या दोन वाणांचं ते लग्नच म्हणा ना. ज्वारीचा ज्वारीशी, कापसाचा कापसाशी संबंध. जीएममध्ये जातीबाहेरचा गुण आणून बियाणाच्या आतल्या धाग्यात शिवला जातो. मातीत एक सूक्ष्म जिवाणू असतो, त्याचं लांबलचक नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचीच आद्याक्षरं म्हणजे ‘बीटी’. तो जे प्रथिन तयार करतो ते काही अळ्यांच्या पोटात गेलं की त्या मरतात. ते तयार करण्याचा गुण कापसात घातला की झाड स्वतःच अळीला मारतं. माणसाच्या पोटात हे प्रथिन तसं काम करत नाही, कारण अळीचं पोट आणि आपलं पोट यांची घडणच वेगळी.

तेव्हा ‘विष’ हा शब्द मी वापरणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून मोठा अहवाल काढला. आज बाजारात असलेली जीएम पिकं खाल्ल्याने साध्या पिकांपेक्षा जास्त अपाय होतो असा पुरावा सापडला नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे मान्य करायला हवं. पण त्याच अहवालात आणखीही एक गोष्ट आहे, ती कुणी ओरडून सांगत नाही. जीएम आल्यामुळे अमेरिकेत पिकांचं उत्पादन वाढण्याचा वेग आधीपेक्षा फारसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे विषाचा आरोप टिकत नाही, आणि ‘जगाची भूक भागवणारं बियाणं’ ही जाहिरातही जशीच्या तशी टिकत नाही. जगात जीएमचं सगळ्यात जास्त क्षेत्र सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला या पिकांखाली आहे. यातला मोठा वाटा जनावरांच्या खाद्याला, गाड्यांच्या इंधनाला आणि कापडाला जातो. उपाशी माणसाच्या ताटात तो थेट पडत नाही.

आपल्या देशात रीतसर परवानगी मिळून शेतकऱ्यांच्या शेतात पसरलेलं जीएम पीक एकच, कापूस. मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. पहिली वर्षं खरंच चांगली गेली. बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या. देशाचं हेक्टरी रुईचं उत्पादन ३०० किलोच्या आसपास होतं, ते २०१३-१४ मध्ये ५६६ किलोवर गेलं. यात नव्या विहिरी, खतं, चांगला पाऊस यांचाही हात होता, पण बीटीचा वाटा नाकारता येत नाही. मग गाडी उलटी फिरली. अलीकडे हा आकडा साडेचारशेच्या आत-बाहेर घोटाळतोय. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीचं उत्पादन तर नेहमीच देशाच्या सरासरीपेक्षा कमी.

असं का झालं? अळी शिकली. सतत एकच औषध दिलं की रोगजंतू त्याला दाद देईनासे होतात, तसंच हे. खरं म्हणजे त्यावर उपाय ठरलेला होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाच्या बियाणाची १२० ग्रॅमची छोटी पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे काही अळ्या साध्या झाडांवर जगतील आणि बीटीला पचवणाऱ्या अळ्यांचीच पैदास वाढणार नाही. पण पाच-सहा एकरवाला माणूस अळीसाठी कडेची जागा कशी सोडणार? ती पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. कंपनीने पुडी दिली आणि ती जबाबदारीतून मोकळी झाली. त्यात पाणी असलेल्या ठिकाणी फरदड घेण्याची सवय. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, आणखी दोन-चार क्विंटल मिळतात म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची. गुलाबी बोंडअळीला तर हे माहेरच मिळालं.

२०१७ साली महाराष्ट्रात या अळीने कहर केला. आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. डोक्याएवढी वाढलेली झाडं, दमट उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेले फवारे, अंगावर ना मास्क ना हातमोजे. फवारण्या कमी करणारं म्हणून जे बियाणं आलं, ते आल्यावर पंधरा वर्षांनी हे घडलं. त्या घरांतल्या बायकांची नावं कुठल्याच चर्चेत आली नाहीत. पंप नवऱ्याच्या पाठीवर असतो, पण विहिरीवरून पाणी आणून बादलीत औषध कालवून देणारी कोण असते, हे खेड्यातल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको.

बियाणाच्या किमतीचं तर वेगळंच महाभारत. सुरुवातीला एक पाकीट दीड हजाराच्या वर होतं आणि त्यातला मोठा भाग मोन्सॅन्टोच्या जनुकाचं स्वामित्वशुल्क म्हणून जायचा. २००६ मध्ये आंध्र सरकारने भांडण थेट एकाधिकार आयोगापुढे नेलं, तेव्हा किंमत साडेसातशेवर आली. पुढे केंद्रानेच किंमत बांधून द्यायला सुरुवात केली. २०२५ च्या हंगामात ती ९०१ रुपये होती. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हे बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते जीएम आहे म्हणून नव्हे, संकरित आहे म्हणून. चीनने बीटीचा गुण सरळ वाणातही आणला, तिथलं बियाणं राखून पुढच्या वर्षी लावता येतं. आपल्याकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर तसा प्रयत्न केला होता. ‘बिकानेरी नरमा’ नावाचं सरळ वाणाचं बीटी बियाणं २००९ मध्ये बाजारात आलं. त्यातला जनुक आपलाच की परक्या कंपनीचा, असा वाद उठला आणि ते मागे घ्यावं लागलं. सरकारी संस्थेच्या हातून संधी गेली ती गेलीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्यांचा फोटो महिला दिनाच्या फलकावर लावायचा आणि बियाणाचा सगळा व्यवहार बाजारावर सोडायचा, याला काय म्हणायचं?

आता ‘जगाची भूक’. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या पिढीच्या आया-आज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. रेशनवरची ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्यांच्या जिभेवरून गेली नाही. त्याआधी १९६५ मध्ये वसंतराव नाईक यांनी शनिवारवाड्यासमोर जाहीर सांगितलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. हायब्रीड ज्वारी आली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली होती, भाकरीला गोडी नाही म्हणत होती, पण तिने पोटं भरली हे खरंच आहे. तेव्हा नवं बियाणं म्हटलं की अंगावर झुरळ पडल्यासारखं करण्याचं कारण नाही.

पण आजची भूक १९७२ सारखी नाही. आज आपला देश जगात सगळ्यात जास्त तांदूळ निर्यात करतो. ऐंशी कोटींच्या आसपास लोकांना रेशनवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. आणि तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या, पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. गोदामं भरलेली आणि बाईचं हिमोग्लोबिन नऊ! मी महिन्याला एक-दोन तपासणी शिबिरांना मदत करते. भात-चपाती मिळत नाही असं सांगणारी तिथे क्वचितच भेटते. डाळ पातळ झाली, भाजी एकच, तेल मोजून, फळ सणाला आणि स्वतःचं ताट सगळ्यांत शेवटी, हे मात्र प्रत्येकीकडून ऐकू येतं. मग कमतरता कशाची आहे? डाळीची, तेलाची, हिरव्या पाल्याची आणि पर्समधल्या पैशाची. यांतली कुठली गोष्ट जीएममुळे येणार आहे, हा साधा प्रश्न विचारला की चर्चा करणारे जरा गडबडतात.

उलट यांतली एखादी गोष्ट जाण्याचीच शक्यता मला दिसते, आणि त्यासाठी आपल्याला विदर्भात जायला हवं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघडपणे, जाहीर करून बंदी असलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. त्या वेळच्या कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड होता. तरी पेरलं. एचटी म्हणजे तणनाशक सोसणारं. ग्लायफोसेट फवारलं की तण मरतं, कापूस तसाच उभा राहतो. आज हे बियाणं गुजरातेतून वगैरे चोरून येतं आणि गावोगाव लावलं जातं, हे कृषी खात्यालाही ठाऊक आहे. दर हंगामात कुठे ना कुठे पाकिटं पकडल्याची बातमी येतेच.

आमच्या नेरूळच्या बचत गटात यवतमाळकडून आलेली एक बाई आहे. चार घरची धुणीभांडी करते. तिला मी या बियाणाबद्दल विचारलं तर म्हणाली, “ताई, गवताचं औषध आलं अन् आमचं निंदण गेलं.” तिचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करण्यात गेलेलं. आषाढ-श्रावणातली ती दोन-अडीच महिन्यांची मजुरी होती म्हणून घर चालायचं. ती कमी होत गेली तसं तिने मुलाबाळांसकट मुंबईची गाडी पकडली. मग हसून म्हणाली, “पन माह्या बहिनीले इचारा, ते उलटं सांगते.” बहीण तीन एकर कोरडवाहू शेताची मालकीण. तिच्याशी मी फोनवर बोलले. ती खरोखरच उलटं बोलली. वेळेवर बाया मिळत नाहीत, पाऊस लागून राहिला की डवरणीही होत नाही, पंधरा दिवसांत तण कापसाच्या डोक्यावर जातं. निंदणाला जेवढे पैसे जातात तेवढे शेवटी कापसातून सुटत नाहीत. औषध मारलं की एका दिवसात काम. “आमी चोर नोहो ताई, आमचं गनित बसत नाही,” असं ती म्हणाली.

एकाच आईच्या दोन मुली, दोघींचंही खरं! वर्तमानपत्रात ‘शेतकरी’ म्हणून जो कुणी बोलतो तो या दोघींपैकी कुणासाठी बोलतो? ज्या संघटनेने हे बियाणं पेरलं, तिचेच संस्थापक शरद जोशी यांनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं होतं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, हा त्यांचाच आग्रह. जिच्या नावे जमीन झाली तिच्या बाजूने तो मला पटतोही. जिच्या नावे जमीन नाही, फक्त खुरपं आहे, तिचं काय?

निंदणाची मजुरी बाईच्या हातात पडते. बाप्याच्या मजुरीपेक्षा कमी असते, पण आठवड्याच्या बाजारादिवशी तिच्या हातात असते. मीठ-तेल, वह्या, पोराचं औषध त्यातून येतं. फवारणीची मजुरी पुरुषाच्या खिशात जाते आणि घरी किती पोहोचते ते सांगायला नको. शिवाय निंदायला गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येत नाही. ओट्यात घोळ, चिवळ, तांदुळजा, तरोटा असं काहीबाही असतं. शहरातले लोक आता रानभाज्या महोत्सवात पैसे देऊन ज्या खातात, त्याच त्या. तणनाशकाला तण आणि भाजी यांतला फरक कळत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी यांची ओळही त्याला कळत नाही. विदर्भात कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकायची पद्धत आहे, वर्षाची डाळ त्यातून निघते. सरसकट ग्लायफोसेट मारायचं म्हटलं की ही ओळ घालता येत नाही. म्हणजे कापूस वाचला, पण घरची डाळ आणि पालाभाजी गेली आणि ती विकत आणायला लागणारी बाईची मजुरीही गेली. याला जगाला खाऊ घालणं म्हणायचं का?

ग्लायफोसेटमुळे कर्करोग होतो का, यावर अजून एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं, अमेरिका-युरोपच्या नियामकांनी ते मानलं नाही. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की हे औषध फक्त प्रशिक्षित फवारणीवाल्यांनीच मारावं. प्रशिक्षित फवारणीवाले आपल्या कुठल्या खेड्यात असतात, हे मात्र आदेश काढणाऱ्यालाच ठाऊक.

हे सगळं वाचून वाटेल की मी शास्त्राच्या विरोधात आहे. तसं मुळीच नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताचे दोन नवे वाण जाहीर केले, ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’. यांत बाहेरच्या जिवाचा जनुक ठेवलेला नाही. भाताच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती केली आहे, त्याला जनुक संपादन म्हणतात. परक्या घरची शिलाई नाही, आपल्याच कापडाला रफू, असं समजा. कमला लवकर तयार होतो आणि जास्त पिकतो, दुसरा दुष्काळ आणि खारं पाणी सोसतो, असा संशोधकांचा दावा आहे. दोन्ही आपल्या सरकारी संस्थांनी तयार केले आहेत, ही मला जमेची बाजू वाटते. बियाणं कुणाच्या हातात राहणार, हा प्रश्न तिथे थोडा तरी सोपा होतो. फक्त अशा वाणांना २०२२ मध्येच जीएमच्या कडक तपासणीतून वगळलं आहे. शेतातला त्यांचा खरा अनुभव तेव्हा डोळसपणेच बघावा लागेल.

खाऱ्या पाण्यातला भात म्हटलं की आमच्या इथल्या जुन्या आगरी आजीबाईंना हसू येतं. नेरूळ, बेलापूर, उलवे, उरण हा सगळा खाडीकाठ मिठागरांचा आणि खार जमिनीतल्या भाताचा. ‘राता’ नावाचा तांबडा भात इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या मातीत पिकवला. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, त्यांनी ‘पनवेल’ नावाचे खारं सोसणारे वाण काढले, तेही साध्या निवडीतून आणि संकरातून. मग ही शेती गेली कुठे? ती काही अळीने खाल्ली नाही. १९७० नंतर शहर वसवण्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, बांध फुटले ते कुणी बांधले नाहीत. मी ज्या इमारतीत बसून हे लिहितेय तिच्याखालीही कधीकाळी भाताची खाचरंच असणार. खारं सोसणारं बियाणं आपल्याकडे होतं, त्याला लावायला जमीन उरली नाही. जगाच्या भुकेवर बोलताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

राहिला प्रश्न आपल्या किराण्याचा. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतं. सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलकडचं, आणि तिथलं जवळजवळ सगळं सोयाबीन जीएम. देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी, त्याच्या सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत जातं आणि ढेप म्हशीच्या गोठ्यात. शुद्ध केलेल्या तेलात जनुक किंवा प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे लगेच डबा ओतून देऊ नका. पण पाकिटावर लिहायला काय हरकत आहे? जीएम पदार्थाच्या पाकिटावर तसं छापावं, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. तरीही दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१८ मध्ये बाजारातले ६५ पदार्थ तपासले, तेव्हा २१ मध्ये जीएमचा अंश निघाला. यात लहान बाळांचा आहारही होता. जीएम असल्याचं त्यांतल्या बहुतेक पाकिटांवर सांगितलेलं नव्हतं.

जीएम मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरवली, न्या. करोल यांनी ती योग्य मानली. पण दोघांनी एका सुरात केंद्राला सांगितलं की सगळ्या संबंधितांशी बोलून जीएमबाबत राष्ट्रीय धोरण करा, आणि आयात होणाऱ्या जीएम अन्नाच्या, विशेषतः तेलाच्या, पाकिटावर लिहिण्याचा कायदा पाळा. ‘सगळे संबंधित’ या यादीत शेतकरी संघटना असतील, कंपन्या असतील, शास्त्रज्ञ असतील. निंदणाला जाणाऱ्या बायकांची संघटना नाही, म्हणून त्यांना बोलावणं जाणार नाही, असं मला वाटतं. पिशवी घेऊन किराणा आणणाऱ्या आपल्यालाही जाणार नाही.

म्हणून आमच्या गटाने दोन पोस्टकार्डं लिहायचं ठरवलं आहे. एक केंद्रीय कृषिमंत्र्यांना: एचटीबीटीचा निर्णय घेण्याआधी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत शेतमजूर बायकांच्या वेगळ्या सुनावण्या घ्या आणि त्या वेचणी संपल्यावर घ्या, म्हणजे त्यांची मजुरी बुडणार नाही. दुसरं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला: तेल, बाळाचा आहार आणि पाकीटबंद खाऊ यांच्यावर जीएमचा उल्लेख मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. बत्तीस जणींच्या सह्या झाल्या आहेत. तुमच्या गटाला पाठवायची असतील तर मजकूर हाच वापरा, फक्त आपल्या गावाचं नाव घाला.